निर्दोष कैदी आणि बनावट खटला: तुरुंगपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारा माणूस आणि त्याला तुरुंगापर्यंत नेणारा खोटा तपास, या विषयावरचे चित्रपट आणि मालिका पाहून झाल्यावर प्रेक्षकांच्या मनात जे प्रश्न राहतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांत काही ठिकाणी कथानकाचा उलगडा होतो, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

या प्रकारातला पहिला चित्रपट म्हणून कोणता पाहावा?

जिम शेरिडन यांचा ‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३). डॅनियल डे-लुईस यांनी रंगवलेला बेलफास्टचा भुरटा, बेफिकीर तरुण आणि पीट पोस्टलथ्वेट यांनी साकारलेला त्याचा देवभोळा, आजारी बाप हे दोघे एकाच खोट्या प्रकरणात तुरुंगात जातात, एवढीच त्याची गोष्ट आहे. या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले आणि ऑस्करची सात नामांकने मिळाली, परंतु तो आधी पाहावा असे म्हणण्याचे कारण पुरस्कार हे नाही. खोटी कबुली, दडवलेला पुरावा, जनक्षोभाचे दडपण, घाईने केलेला कायदा आणि चूक मान्य करायला तयार नसलेली न्यायव्यवस्था हे या प्रकारातले सर्व घटक त्यात एकत्र आले आहेत. शिवाय खरे प्रकरण कागदपत्रांनिशी उपलब्ध असल्यामुळे पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले ताडून पाहता येते.

त्यामागची खरी घटना काय होती?

५ ऑक्टोबर १९७४ रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्ड या गावातल्या दोन पबमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) या सशस्त्र संघटनेने बॉम्ब ठेवले. चार सैनिक आणि एक नागरिक अशा पाच जणांचा त्यात मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, बर्मिंगहॅममध्ये झालेल्या स्फोटांत २१ माणसे मेली आणि देशभर संतापाची लाट उसळली. ब्रिटिश संसदेने अवघ्या काही दिवसांत दहशतवाद प्रतिबंधक कायदा मंजूर केला. संशयिताला आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत ताब्यात ठेवण्याची मुभा त्या कायद्याने पोलिसांना मिळाली. गिल्डफर्ड प्रकरणातली धरपकड या कायद्याची शाई वाळण्याआधीच सुरू झाली, ही गोष्ट पुढचे सर्व समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

जेरी कॉनलन (चित्रपटात डे-लुईस यांनी रंगवलेला तरुण), पॉल हिल, पॅट्रिक आर्मस्ट्राँग आणि सतरा वर्षांची कॅरोल रिचर्डसन या चौघांनी कोठडीत कबुलीजबाबांवर सह्या केल्या. मारहाण आणि धमक्यांमुळे आपण सह्या केल्या, असे त्यांनी न्यायालयात सांगितले, पण ज्युरीने पोलिसांवर विश्वास ठेवला. ऑक्टोबर १९७५ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्यांच्याविरुद्ध कबुलीजबाबांखेरीज सांगण्यासारखा पुरावाच नव्हता.

मुलाला वकील मिळवून द्यावा म्हणून बेलफास्टहून लंडनला आलेल्या जेरीच्या वडिलांना, जुझेपे कॉनलन यांना, ज्या नातेवाइकांच्या घरी ते उतरले होते तिथेच पकडण्यात आले. हातांवरून घेतलेल्या नमुन्यांच्या रासायनिक चाचणीवर भिस्त ठेवून त्यांना आणि त्या घरातल्या मग्वायर कुटुंबाला स्फोटके हाताळल्याबद्दल १९७६ मध्ये शिक्षा झाली. त्या घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचे वय अटकेच्या वेळी तेरा वर्षांचे होते. जुझेपे १९८० च्या जानेवारीत कैदेतच वारले.

याहून सुन्न करणारी बाब पुढची आहे. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या बाल्कम स्ट्रीटवर पकडल्या गेलेल्या आयआरएच्या तुकडीने गिल्डफर्डचे स्फोट आपणच केल्याचे सांगितले. तरीही १९७७ मध्ये अपील न्यायालयाने चौघांची शिक्षा कायम ठेवली. खरे गुन्हेगार स्वतःहून पुढे आले असतानाही निर्दोष माणसे आणखी बारा वर्षे आत राहिली. चौघांची शिक्षा १९ ऑक्टोबर १९८९ रोजी रद्द झाली. मग्वायर कुटुंबावरील दोष १९९१ मध्ये पुसला गेला आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची जाहीर माफी यायला २००५ साल उजाडावे लागले.

चित्रपटात खरे किती आणि रचलेले किती?

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाही हा वाद गाजला होता, आणि वाद घालणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. बाप आणि मुलगा एका कोठडीत वर्षानुवर्षे राहतात, हा चित्रपटाचा कणा आहे, परंतु प्रत्यक्षात ते असे एकत्र राहिले नव्हते. चित्रपटात चौघांचा आणि मग्वायर कुटुंबाचा खटला एकाच वेळी, एकाच पिंजऱ्यात चालतो. वस्तुतः ते दोन वेगळे खटले होते. एमा थॉम्पसन यांनी साकारलेल्या जेरीच्या वकील गॅरेथ पीअर्स शेवटच्या सुनावणीत स्वतः उभ्या राहून घणाघाती युक्तिवाद करतात. पीअर्स प्रत्यक्षात सॉलिसिटर, म्हणजे खटल्याची तयारी करणाऱ्या वकील, होत्या आणि तेव्हाच्या ब्रिटिश पद्धतीनुसार त्या न्यायालयात असा युक्तिवाद करू शकत नव्हत्या.

शेवट तर जवळजवळ उलटा केलेला आहे. ‘बचाव पक्षाला दाखवू नये’ अशी चिठ्ठी लावलेला साक्षीचा कागद पीअर्स यांच्या हाती लागतो आणि खटला कोसळतो, असे पडद्यावर दिसते. कॉनलन स्फोटाच्या वेळी दुसरीकडे होता, हे सांगणारी साक्ष दडवली गेली होती, हे खरे आहे. मात्र निकाल फिरला तो त्याहून नीरस वाटणाऱ्या एका शोधामुळे. दुसऱ्या परगण्याच्या पोलिसांनी जुनी दप्तरे तपासली, तेव्हा आर्मस्ट्राँगच्या चौकशीची टंकलिखित टिपणे सापडली आणि त्यांवर हाताने केलेल्या दुरुस्त्या दिसल्या. चौकशी चालू असताना जागेवरच लिहून घेतली, असे शपथेवर सांगितलेली हस्तलिखित टिपणे त्या दुरुस्त केलेल्या मजकुराशी जुळत होती. म्हणजे आधी मजकूर रचला गेला आणि मग तो जबाब म्हणून उतरवला गेला. सरकारी पक्षानेच शिक्षा टिकवता येणार नाही असे न्यायालयाला कळवले आणि काही तासांत प्रकरण निकाली निघाले.

बाप-लेकाची एकत्र कोठडी मला खटकत नाही. दोन माणसांमधले जे नाते पाच वर्षांत आणि भेटींच्या तुटक तासांत घडले, ते दोन तासांत दाखवण्यासाठी दिग्दर्शकाने घेतलेली ती मुभा आहे, आणि त्यामुळे कोणाच्याही दोषाचे वा निर्दोषत्वाचे माप बदलत नाही. शेवटच्या सुनावणीचे मात्र तसे नाही. एका धाडसी वकिलाने एक कागद फडकावला की सत्य बाहेर येते, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात ते बाहेर यायला धर्मगुरू, पत्रकार, निवृत्त न्यायाधीश आणि कैद्यांचे नातेवाईक यांना वर्षानुवर्षे खपावे लागले. त्या माणसांचे श्रम चित्रपटातून गळाले, याचे वाईट वाटते.

निर्दोष माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली का देतो?

मारहाण हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. झोप नसणे, तासन्‌तास तेच ते प्रश्न, घरच्यांना उचलून आणण्याची धमकी, ‘सही केलीस की घरी जाशील’ हे आश्वासन, आणि एकदा न्यायाधीशासमोर गेलो की खरे ते कळेलच हा भाबडा विश्वास, या सर्वांनी मिळून माणूस मोडतो. कोठडीतल्या माणसाला त्या क्षणाची सुटका हवी असते आणि वीस वर्षांच्या शिक्षेची कल्पना त्याच्या मनात तेव्हा उमटूच शकत नाही. बाहेर आरामात बसून ‘मी असतो तर सही केली नसती’ असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

एव्हा डुव्हर्ने यांची चार भागांची ‘व्हेन दे सी अस’ (२०१९) ही मालिका या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर देते. १९ एप्रिल १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका तरुणीवर बलात्कार झाला आणि तिला मरणासन्न अवस्थेत टाकून देण्यात आले. चौदा ते सोळा वर्षांच्या पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना त्यासाठी दोषी ठरवण्यात आले. चौघांच्या कबुल्या कॅमेऱ्यासमोर नोंदवल्या होत्या. त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि घटनास्थळावरचे डीएनए पाचांपैकी कोणाचेही नव्हते, तरी शिक्षा झाली. २००२ मध्ये दुसऱ्याच एका कैद्याने गुन्हा कबूल केला, त्याचा डीएनए जुळला, आणि पाचही जणांचा दोष रद्द झाला. सोळा वर्षांचा कोरी वाइज प्रौढांच्या तुरुंगात गेला होता. त्याच्या एकांतवासावर बेतलेला चौथा भाग मालिकेत सर्वांत प्रभावी आहे. कॅमेऱ्यासमोर दिलेली कबुली खरीच असते, हा समज या प्रकरणाने खोटा ठरवला, कारण कॅमेरा सुरू होण्यापूर्वीचे कित्येक तास कोणीच नोंदवले नव्हते.

भारतात पोलिसांसमोरची कबुली पुरावा धरत नाहीत. मग इथे खोटा खटला कसा उभा राहतो?

१८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये ही तरतूद कायम आहे. ब्रिटिश काळातसुद्धा कायदा करणाऱ्यांना कोठडीत काय चालते याची कल्पना होती, असा याचा अर्थ होतो.

परंतु या तटबंदीला दोन दरवाजे आहेत. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित असलेला माहितीचा भाग ग्राह्य धरला जातो. म्हणून बनावट प्रकरणात ‘आरोपीने काढून दिलेला’ चाकू, रक्ताचे कपडे किंवा चोरीचे दागिने पंचनाम्यात येतात. पंच कोण आहेत, ते पोलिसांच्या इतर किती खटल्यांत पंच होते, मुद्देमाल मोहोरबंद केव्हा झाला आणि प्रयोगशाळेत केव्हा पोहोचला, हे प्रश्न त्यामुळेच निर्णायक ठरतात. दुसरा दरवाजा विशेष कायद्यांचा आहे. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे मकोकाच्या, कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा होतो. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यातही अशीच तरतूद होती.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत झालेल्या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. त्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व बाराही जणांना निर्दोष ठरवताना कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही असे म्हटले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले असून, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास त्या न्यायालयाने स्थगिती दिली आहे. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलेले नाही. याच खटल्यातून २०१५ मध्येच सुटलेले मुंबईतील शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांच्या अनुभवांवर सुदर्शन गमरे यांनी ‘हेमोलिम्फ’ (२०२२) हा हिंदी चित्रपट केला. त्याला मोठे प्रेक्षक लाभले नाहीत. कोठडीतले दिवस तो आडपडदा न ठेवता दाखवतो आणि आरोपीच्या कुटुंबाकडे पुरेसे लक्ष देतो, एवढ्यासाठी तरी तो शोधून पाहावा.

‘द शॉशँक रिडेम्पशन’ या यादीत बसतो का?

अर्धाच. त्यातला बँकर निर्दोष आहे आणि तुरुंगाचा अधीक्षक भ्रष्ट आहे, परंतु त्याला दोषी ठरवणारा तपास आणि खटला काही मिनिटांत उरकला जातो. तो मैत्रीचा आणि चिकाटीचा सुंदर चित्रपट आहे. खोटा खटला कसा घडतो हे त्यातून कळत नाही.

‘दो आँखे बारह हाथ’ चे काय?

तो चित्रपट (१९५७) वेगळ्या प्रश्नाचा आहे. व्ही. शांताराम यांनी दाखवलेले सहाही कैदी खरोखरचे खुनी आहेत आणि प्रश्न त्यांच्या माणूसपणाचा आहे. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूर येथील कैद्यांच्या खुल्या वसाहतीच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ती कथा लिहिली. आटपाडीजवळची ही वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागात आहे.

सगळा दोष एकाच दुष्ट पोलीस अधिकाऱ्याचा असतो, हे वास्तवाला धरून आहे का?

बहुधा नाही, आणि या प्रकारातल्या चित्रपटांची माझ्या मते हीच मुख्य कसोटी आहे. ‘द हरिकेन’ (१९९९) मध्ये डेंझेल वॉशिंग्टन यांनी मुष्टियोद्धा रुबिन कार्टर अविस्मरणीय केला आहे. १९६६ मध्ये न्यू जर्सीतल्या पॅटरसन येथे झालेल्या खुनांसाठी कार्टर यांना दोनदा दोषी ठरवले गेले आणि १९८५ मध्ये संघीय न्यायाधीशांनी दोष रद्द केला. चित्रपटात मात्र एक वर्णद्वेष्टा डिटेक्टिव्ह कार्टर यांच्या बालपणापासून हात धुऊन त्यांच्या मागे लागलेला दाखवला आहे. असा माणूस प्रत्यक्षात नव्हता. एका माणसावर सगळे खापर फोडल्यामुळे दोन वेळा दोषी ठरवणारे ज्युरी, खोटे बोलणारे साक्षीदार, त्यांना सवलती देणारे सरकारी वकील आणि ते सारे स्वीकारणारी न्यायालये नजरेआड होतात.

वास्तवात बनावट खटला अनेक हातांनी घडतो. वरिष्ठांना चार दिवसांत ‘डिटेक्शन’ हवे असते, तपास अधिकाऱ्याला बढती हवी असते किंवा निदान बदली नको असते, हवालदार सांगेल तसा जबाब लिहितो, ओळख परेड घेणारा वेळ उलटून गेल्याकडे काणाडोळा करतो, रिमांडच्या वेळी आरोपीच्या अंगावरचे वळ कोणी विचारीत नाही, आणि सरकारी डॉक्टर ‘ताजी जखम नाही’ असे लिहून मोकळा होतो. यांतल्या एकालाही आपण निरपराध माणसाला फासावर पाठवत आहोत असे वाटत नाही. ही साखळी दाखवणे नाट्याच्या दृष्टीने अवघड आहे, कारण तिरस्कार करायला चेहरा मिळत नाही. ज्यांना ते जमले, ते चित्रपट मनातून जात नाहीत.

भारतीय चित्रपटांत ही साखळी कोणी दाखवली आहे?

वेट्रिमारन यांच्या ‘विसारणै’ (२०१५) या तमिळ चित्रपटाने ती सर्वांत निर्दयपणे दाखवली आहे. कोइंबतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी आंध्र प्रदेशातल्या गुंटूर येथील कोठडीत स्वतः सोसलेल्या छळावर लिहिलेल्या कादंबरीचा त्याला आधार आहे. बागेत झोपणारे चार स्थलांतरित मजूर, एका बड्या घरातली चोरी आणि गुन्हा लवकर उकलण्याचे दडपण, एवढ्या सामग्रीतून पूर्वार्ध उभा राहतो. उत्तरार्धात पोलीस ठाणे राजकारणातल्या पैशांच्या व्यवहारात अडकते आणि पोलिसांतलाच एक जण सापळ्यात सापडतो. व्यवस्था आपल्याच माणसालाही सोडत नाही, हे दाखवणारा हा भाग मला पूर्वार्धाहून मोलाचा वाटतो.

टी. जे. ज्ञानवेल यांचा ‘जय भीम’ (२०२१) अधिक लोकप्रिय झाला. १९९३ मध्ये कडलूर जिल्ह्यात चोरीच्या संशयावरून पकडलेला एक मजूर कोठडीतून ‘पळून गेला’ असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या पत्नीच्या वतीने पुढे न्यायमूर्ती झालेले वकील के. चंद्रू यांनी मद्रास उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा, अर्ज लढवला आणि कोठडीतला मृत्यू उघड झाला. चित्रपटात पीडित कुटुंब इरुलर जमातीचे आहे, मूळ घटनेतले कुरवर समाजाचे होते. ‘गुन्हेगार’ म्हणून वसाहतकाळात शिक्का बसलेल्या जमातींकडे पोलीस आजही कोणत्या नजरेने पाहतात, हा विषय महाराष्ट्रातल्या पारधी वस्त्यांना परका नाही. त्यामुळे चोरी झाली की आधी याच माणसांना उचलतात, हे दाखवणारे सुरुवातीचे प्रसंग मराठी प्रेक्षकाला वेगळ्याने समजावून सांगावे लागत नाहीत.

मराठी लेखक-दिग्दर्शकांचे या विषयातले काम कोणते?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पहिल्यांदा सांगायला हवा. त्यात छळाचे एकही दृश्य नाही. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून त्या म्हाताऱ्या माणसाला आत टाकले जाते. तारखा पडत राहतात. पोलिसांचा साक्षीदार नेहमीचाच निघतो. सरकारी वकील असलेली बाई न्यायालयातून निघून घरी स्वयंपाक करते, मुलांचे पाहते, कुटुंबासोबत नाटकाला जाते. ती दुष्ट नाही, आणि ती दुष्ट नाही हेच भयंकर आहे. कांबळेंची भूमिका करणारे नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनाने गेले.

त्याआधीचा मोठा टप्पा विजय तेंडुलकर आणि गोविंद निहलानी यांचा आहे. ‘आक्रोश’ (१९८०) मधला आदिवासी मजूर लहान्या भिकू बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली उभा आहे आणि तो एक शब्दही बोलत नाही. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित आहेत आणि पोलीस अधिकारी त्यांच्याच बैठकीतला आहे. आरोपीच्या मौनातून संपूर्ण खटला उलगडत नेण्याची ती पटकथा आजही अभ्यासण्याजोगी आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून केलेला ‘अर्धसत्य’ (१९८३) आपल्याला कोठडीच्या दुसऱ्या बाजूला नेतो. तिथे भ्रष्टाचाराने घुसमटलेला प्रामाणिक फौजदार अनंत वेलणकर स्वतःच एका आरोपीला मरेपर्यंत मारतो. निर्दोष कैद्याची गोष्ट ज्यांना समजून घ्यायची आहे, त्यांनी हा चित्रपट टाळू नये, कारण मारणारा हात कसा तयार होतो हे त्याइतके प्रामाणिकपणे फार थोड्या ठिकाणी सांगितले आहे.

चित्रपटांतला तुरुंग आणि आपल्याकडचा तुरुंग यांत फरक काय?

इंग्रजी चित्रपटांत निकाल लागतो आणि मग तुरुंगाची गोष्ट सुरू होते. आपल्याकडे गोष्टीचा मोठा भाग निकालाआधीच घडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, कच्चे कैदी होते. त्यांना अजून कोणी दोषी ठरवलेले नाही. गर्दीने भरलेली बराक, मुलाखतीसाठी पहाटेपासून रांगेत उभी राहणारी आई, पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून चुकलेली तारीख आणि जामीन मिळूनही हमीदार नसल्यामुळे आतच राहिलेला माणूस, हे आपल्या तुरुंगाचे रोजचे चित्र आहे. ते मोठ्या पडद्यावर फारसे येत नाही. नाट्यमय पलायनापेक्षा या प्रतीक्षेवर कोणीतरी पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सुटका झाल्यावर भरपाई मिळते का?

भारतात चुकीच्या शिक्षेसाठी भरपाई देणारा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. तोवर उच्च आणि सर्वोच्च न्यायालये राज्यघटनेतील अधिकार वापरून प्रकरणानुसार रक्कम ठरवतात. बिहारच्या रुदुल साह यांना निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात डांबून ठेवले होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एकूण ३५,००० रुपये देवविले आणि अशा भरपाईचा पायंडा पडला. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मधल्या खोट्या हेरगिरी प्रकरणासाठी २०१८ मध्ये ५० लाख रुपये मंजूर झाले. आर. माधवन यांचा ‘रॉकेट्री’ (२०२२) त्यांच्यावरच आहे.

महाराष्ट्रातले एक प्रकरण याहून अधिक ठळकपणे लोकांच्या स्मरणात असायला हवे होते. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात घडलेल्या दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडासाठी भटक्या जमातीतल्या सहा जणांना दोषी ठरवले गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवून सर्वांना निर्दोष ठरवले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून आधी भलत्याच चार जणांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नाही, हे तोवर दुर्लक्षित राहिले होते. प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई ठरली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. इतकी वर्षे फाशीच्या छायेत काढलेल्या माणसाने बाहेर येऊन कोणत्या गावात, कोणाच्या दारात उभे राहायचे, याचे उत्तर रकमेत नसते. जेरी कॉनलन यांनीही सुटकेनंतर व्यसन आणि मानसिक आजार यांच्याशी दीर्घ झगडा केला आणि २०१४ मध्ये ते साठाव्या वर्षी वारले. चित्रपट मात्र न्यायालयाच्या दारात, गर्दीच्या जल्लोषात संपतो.

खोटा तपास करणाऱ्या पोलिसांना शिक्षा होते का?

क्वचित होते. गिल्डफर्ड प्रकरणी तीन माजी पोलिसांवर खटला चालला आणि १९९३ मध्ये ते सुटले. ‘जय भीम’ मागच्या प्रकरणात पोलिसांना शिक्षा झाली, पण तो अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधील डी. के. बसू निकालात अटकेचे नियम घालून दिले आणि २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. नियम नाहीत अशी तक्रार आता करता येणार नाही.

अशा कलाकृतींमुळे प्रत्यक्षात काही बदलते का?

काही वेळा निश्चितच बदलते. एरॉल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) या माहितीपटासाठी साक्षीदारांच्या मुलाखती घेताना साक्षींतली विसंगती बाहेर आली आणि टेक्सासमध्ये पोलिसाच्या खुनासाठी शिक्षा भोगणारे रँडल डेल अॅडम्स १९८९ मध्ये सुटले. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये दाखवलेल्या ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ या चार भागांच्या मालिकेने तर सरकारला हलवले. सदोष संगणकप्रणालीमुळे चोर ठरवल्या गेलेल्या शेकडो पोस्टचालकांचे दोष रद्द करणारा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात मंजूर झाला. त्या प्रकरणात पोलिसांऐवजी पोस्ट खात्याची कंपनी स्वतःच खटले भरीत होती.

गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅम प्रकरणांनंतर ब्रिटनने बंद झालेली प्रकरणे नव्याने तपासण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि १९९७ मध्ये त्याचे काम सुरू झाले. भारतात अशी कायमस्वरूपी यंत्रणा नाही.

मूळ गुन्ह्यात बळी पडलेल्यांचे काय? चित्रपट त्यांना विसरतात का?

बहुतेक वेळा विसरतात आणि हा आक्षेप रास्त आहे. निर्दोष माणूस आत गेला, म्हणजे दोषी बाहेर राहिला. गिल्डफर्डच्या स्फोटांची जबाबदारी घेणाऱ्यांवर त्या स्फोटांसाठी कधीच खटला भरला गेला नाही. लोकलमधल्या स्फोटांत माणसे गमावलेल्या मुंबईच्या कुटुंबांनाही १९ वर्षांनंतर ‘मग केले कोणी?’ हा प्रश्न विचारावा लागला. बनावट तपास दोन्ही घरांचे नुकसान करतो, त्यामुळे कैद्याच्या बाजूने बोलणे म्हणजे मृतांच्या विरोधात बोलणे असे मानण्याचे कारण नाही.

मारहाणीची दृश्ये सहन होत नाहीत. मग काय पाहावे?

‘कोर्ट’ आणि ‘जस्ट मर्सी’ (२०१९). दुसऱ्या चित्रपटात वकील ब्रायन स्टीव्हन्सन अलाबामातल्या वॉल्टर मॅकमिलियन यांचा खटला लढवतात. मॅकमिलियन यांना खटला सुरू होण्याआधीच मृत्युदंडाच्या कैद्यांत नेऊन ठेवले होते आणि १९९३ मध्ये ते सुटले. त्यात दुसऱ्या एका कैद्याला मृत्युदंड दिला जातो तो प्रसंग तेवढा जड आहे. ‘जय भीम’ मधली कोठडीची दृश्ये दीर्घ आहेत, आणि ‘विसारणै’ लहान मुलांसोबत पाहू नये. घरातल्या कॉलेजवयीन मुलांसोबत पाहायचे असेल तर ‘व्हेन दे सी अस’ चा पहिला भाग एकत्र पाहावा आणि पोलीस ठाण्यात बोलावणे आले तर काय करायचे, वकील आणि नातेवाइकांना कळवण्याचा हक्क कोणता, न वाचता कशावरही सही करायची नाही, हे त्याच बैठकीत त्यांना सांगावे.